डॉक्टरीणबाईंची उंच जीप

आमच्या बाई पेशंटची नाडी बघताना जो चेहरा करायच्या, त्याच चेहऱ्याने जीपखाली डोकं घालायच्या. "पोट टेकतंय हिचं," असं त्या म्हणाल्या की दवाखान्यात बसलेल्या बाया आपापली पोटं सावरायच्या. मंठ्याला त्यांचा दवाखाना होता आणि मी त्यांचा कंपाउंडर. बाईंची उंची पाच फुटांच्या आत, आवाज मात्र बाजारच्या दिवशीही बसस्टँडपर्यंत जायचा.

जीप लष्कराच्या लिलावातली. दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, पण खेड्यांच्या वाटा होत्या तशाच. बैलगाड्यांनी काळ्या मातीत गुडघाभर चाकोऱ्या पाडलेल्या. मधला उंचवटा जीपच्या पोटाला लागला की चाकं जागीच फिरायची. मग बाई पदर खोचून म्हणायच्या, "ढकला, कंपाउंडर. शिकलेल्या माणसाने कधीतरी उपयोगी पडावं."

त्या वर्षी जीप उंच करणं भागच होतं. चार कोसांवरच्या गयाबाईला श्रावणात दिवस भरत होते. बौद्धवाड्यातली, रोज मजुरीला जाणारी बाई. तिची आधीची दोन्ही बाळं गेली होती, कारण बैलगाडी मंठ्याला पोचेपर्यंत उशीर झाला. बाईंनी तिला शब्द दिला होता, "या खेपेला मी येते."

मंठ्यात जीप तिघांकडे असेल. ती उंच कशी करावी हे मात्र अख्ख्या गावाला ठाऊक! गयाबाईच्या गावचे सरपंच म्हणाले, "औरंगाबादहून चाकांवरच्या स्प्रिंगचे नवे पाटे आणा, बिलकुल वरचा माल." खर्च किती, असं विचारल्यावर ते आभाळ किती भरलंय ते बघू लागले. सुतार बाभळीचे ठोकळे घालायला निघाला. "लाकडी पायाने माणूस चालतो, पळत नाही," म्हणून बाईंनी त्याला वाटेला लावलं. शेवटी पाट्यांचं काम करणारे उस्ताद म्हणाले, "हर चाकावर भंगारातला ट्रकचा एक पाटा वाढवतो. सस्तं पडंल. पण ट्रकचा पाटा हाय बाई, वजन पडल्याबिगर दबनार न्हाई."

बाईंना त्यातलं 'सस्तं' तेवढं ऐकू आलं.

जीप वीतभर उंच झाली. बाईंना चढायला आम्ही औषधाचं खोकं ठेवू लागलो. श्रावणात निरोप आला आणि आम्ही निघालो. उंचवटे खालून जात होते, पोट कुठे टेकेना. पण हादरे! माझी पानाची डबी, चष्मा आणि मनःशांती, तिन्ही वाटेतच पडली.

गयाबाईचं बाळ अडलं होतं. चिमटे लावायची सोय दवाखान्यातच. न्यायलाच हवं होतं. तिला गोधडीवर निजवून जीप हलवली, तर पहिल्याच हादऱ्याला ती अशी ओरडली की बाईंनी गाडी थांबवली. खाली उतरून पाट्यांकडे बघितलं. मग पाराकडे. तिथे सरपंच आठ-दहा जणांसह बसून आम्हाला वाट समजावून देत होते.

"चढा सगळे," बाई म्हणाल्या.

"आमी? हिच्यासंगं?" सरपंच म्हणाले. मग बाईंचा चेहरा बघून, "न्हाई, म्हंजे, कशापायी?"

"वजन पाहिजे. सल्ला नको. येताना कुदळी घ्या."

बाईंच्या आवाजापुढे कोण बोलणार! दोघे बॉनेटवर, बाकीचे मागे लटकले, सरपंच गयाबाईच्या सासूशेजारी अंग चोरून बसले. पाटे दबले, हादरे थांबले. अन् जीप खाली बसल्यामुळे पहिल्याच उंचवट्याला पोट टेकलं. कुदळी कशाला, ते आता कळलं. "उतरा. खणा. चढा." चार कोसांत हे दहा-बारा वेळा झालं. दर निवडणुकीला ज्या रस्त्याचं आश्वासन दिलं, तो सरपंचांनी त्या दिवशी स्वतःच्या हाताने केला.

संध्याकाळी मुलगी झाली आणि तिने पहिल्याच दमात सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. मला रडू आवरेना. सरपंच पायरीवर हाताचे फोड फुंकत बसले होते. बाई म्हणाल्या, "मलम लावा यांना, कंपाउंडर. सवय नाही बिचाऱ्यांना."

पुढच्याच आठवड्यात बाईंनी ट्रकचे पाटे काढून टाकले आणि नियम केला: ज्या गावाला डॉक्टर हवा, त्याने आधी वाट सपाट करावी. जीप उंच करण्यापेक्षा हे स्वस्त पडलं. शिव्या देत का होईना, गावांनी केलं.

चार वर्षांनी बाई दम्याने थकल्या आणि भावाकडे परभणीला निघाल्या. गयाबाई पोरीला कडेवर घेऊन आली होती. "तुमी गेल्यावर मंग आमचं?" तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "आता वाट झालीय गं. दुसरा कुणी डॉक्टर येईल."

वाट खरंच चांगली राहिली. तिच्यावरून पुढाऱ्यांच्या जीपा आल्या, सरपंचांच्या पोराची वरात आली. डॉक्टर काही आला नाही. पुढच्या साली गयाबाईला पुन्हा कळा सुरू झाल्या, तेव्हा त्या सपाट वाटेने तिची बैलगाडी अगदी वेळेत दवाखान्याच्या दारात पोचली. दाराला कुलूप होतं. किल्ली माझ्याच खिशात होती, पण नुसत्या किल्लीने मी काय करणार होतो? तिला मोठ्या दवाखान्यासाठी परतूरकडे जाणाऱ्या गाडीत बसवून मी पायरीवर बसून राहिलो. बाईंचा मला आयुष्यात एकदाच राग आला, तो त्या दिवशी.