आमच्यात पाळत नाहीत

दाक्षायणीचं डोकं दुखणार असलं की ते आधी तिच्या नाकाला कळायचं. डाव्या भुवईखाली कुणीतरी अंगठा रोवून धरल्यासारखं व्हायचं. मग गालाचं हाड ठणकायला लागायचं, त्या बाजूच्या वरच्या दाढा दुखायच्या, डोळ्यातून पाणी यायचं आणि एकच नाकपुडी गळत राहायची. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास तर नकोच नको. पाळीच्या आदल्या दिवशी हे सुरू व्हायचं आणि पाळी आल्यावर दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी उतरायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

घर बाळीवेशीजवळ. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या पडवीत चुली. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि फडक्यानं तव्यावर दाबत दाबत पापडासारखी कडक करायची. असल्या भाकऱ्या आणि उखळात कुटलेली शेंगाचटणी यांवर घर चालत होतं. धंदा सासूनं, शिवबाईनं, नवऱ्याच्या माघारी उभा केला होता. आता तिचे गुडघे गेले होते, म्हणून ती दुकानात बसायची आणि चुलीपुढं दाक्षायणी. मदतीला मायाक्का नावाची बाई होती, पण भाकरी दाक्षायणीचीच लागायची. गिऱ्हाईक तसं सांगूनच घ्यायचं.

शिवबाईला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक तिची चटणी आणि दुसरा तिचा धर्म. शेजारची वैजयंती दर महिन्याला तीन दिवस बाजूला बसायची. तिची जाऊ स्वयंपाक करायची आणि ही गच्चीवरच्या खोलीत पंख्याखाली मोबाइल बघत पडायची. ती दिसली की शिवबाई इकडून आवाज चढवायची.

"आमच्यात असलं काय न्हाय बघ वैजयंती. आमच्या बसवण्णांनी कवाच सांगून ठिवलंय, बाईला इटाळ नसतो म्हणून. आमची सून त्या दिवसांत लिंगपूजा बी करती आन् भाकऱ्या बी करती."

"तुमचं बरं आहे काकू," वैजयंती म्हणायची. मग दाक्षायणीकडं बघून हळूच, "तुझं काही खरं नाही बाई."

मैंदर्गीच्या माहेरीही कुणी पाळत नव्हतं. पण तिथं आई तिला म्हणायची, पड जरा. इथं न पाळण्याचा अर्थ एवढाच होता, की महिन्याचे सगळे दिवस चुलीचे.

डोकेदुखीचं नाव घरानं कधीच ठरवून टाकलं होतं. सायनस. सायनस म्हणून निलगिरीची वाफ, सायनस म्हणून वेखंडाचा लेप, ओव्याची पुरचुंडी, नाकात थेंब. डोक्यावरून पाणी घेतलं की शिवबाई म्हणायची, "घे, अजून घे बादलीभर. उद्या बसशील डोकं धरून." घेतलं नाही तरी डोकं दुखायचंच. मग शिवबाई म्हणायची, "दही खाल्लीस न्हवं का परवा?" प्रत्येक वेळी चूक दाक्षायणीची निघायची.

शेवटी नाकाच्या डॉक्टरनं फोटो काढायला लावला. फोटोत काही नव्हतं. त्यांनी तिला एका बाई डॉक्टरकडं पाठवलं. सोबत नवरा विरेश होता. बाईंनी नाकाबद्दल काहीच विचारलं नाही. पाळी कधी येते आणि डोकं कधी दुखतं, एवढंच विचारलं आणि मग म्हणाल्या, "हे सायनस नाही. ही अर्धशिशी आहे, मायग्रेन. पाळीच्या आधी अंगातलं एक हार्मोन खाली येतं, तेव्हा काही बायकांना हा त्रास होतो. नाक गळतं, गाल दुखतात, म्हणून सगळे सायनस समजतात. दुखायला लागतंय असं वाटलं की लगेच ही गोळी घ्यायची आणि अंधाऱ्या खोलीत आडवं पडायचं. त्या दिवशी धूर नको, तिखटाचा खकाणा नको."

दाक्षायणीला एकदम रडू आलं. इतकी वर्षं आपण दही खाऊन हे ओढवून घेत नव्हतो, एवढंच तिला कळलं आणि तेवढं पुष्कळ होतं.

घरी आल्यावर तिनं डॉक्टरांचं बोलणं शब्दान् शब्द सांगितलं. शिवबाईनं फोटो खिडकीशी धरला, उलटा.

"म्हंजे सायनस न्हाय?"

"नाही."

"मग काय न्हायच की! फोटो स्वच्छ आलाय. मी म्हणतच हुते."

तेव्हापासून घरात ते वाक्य झालं. दाक्षायणीनं कपाळाला हात लावला की शिवबाई दुकानातून म्हणायची, "फोटो स्वच्छ आलाय बरं का." विरेश हसायचा. तो वाईट माणूस नव्हता. पहिल्यांदा गोळ्या त्यानंच आणल्या. संपल्यावर मात्र त्याला आठवण करावी लागायची, आणि आठवण केली की तो म्हणायचा, "परत?"

गोळी घेऊन ती पुन्हा चुलीपुढंच बसायची. धुरात आणि जाळात गोळी काय करणार? डोकं तसंच फुटायचं. मग शिवबाई म्हणायची, "औषदानं बी जात न्हाय म्हंजे दुखणंच न्हाय ते. आळस हाय."

संक्रांत जवळ आली. भोगीला बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकऱ्या, गड्ड्याच्या जत्रेला आलेल्या पाहुण्यांच्या ऑर्डरी, शिवाय रोजचं गिऱ्हाईक. दाक्षायणीची पाळी नेमकी भोगीच्या तोंडावर येणार होती. तिनं घाबरत घाबरत विरेशला सांगितलं, की त्या दोन दिवसांपुरती आणखी एखादी बाई बघा. त्यानं आईला सांगितलं. आणि शिवबाईनं जन्मात न केलेली गोष्ट केली. ती स्वतः वैजयंतीच्या दारात गेली.

वैजयंतीकडं पूजा, लग्न, तुळजापूर असं काही असलं की बायका पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घ्यायच्या. शिवबाईनं त्यांचं नाव विचारून घेतलं आणि विरेशला मेडिकलमध्ये पिटाळलं.

"काकू, तुमच्यात पाळत नाहीत ना?" वैजयंतीनं विचारलं म्हणे.

"देवासाठी न्हाय गं. भाकरीसाठी."

दाक्षायणीनं गोळ्या घेतल्या. डॉक्टरांना विचारावं असं तिच्या मनात आलं होतं, पण पाळीच आली नाही तर डोकंही दुखणार नाही, हा हिशेब तिलाही पटला. आणि भोगीला खरोखरच डोकं दुखलं नाही. ती तीळ लावत होती, थापत होती, मायाक्काशी चार शब्द हसून बोलत होती. शिवबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "बघा, मनावर घेतलं की हुतंय."

जत्रा उलगडली, गोळ्या थांबल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डोकं असं दुखायला लागलं की याआधीची सगळी दुखणी तिला खेळ वाटली. डोळा बाहेर येतोय असं वाटत होतं. पाणी प्यायली तरी उलटी. ती न्हाणीघरातल्या गार फरशीवर गाल टेकून पडली. बाहेरून विरेश दार वाजवत होता, "अगं, मला कामावर जायचंय, निघतीस का?" शिवबाई म्हणत होती, "पडू दे, पडू दे. सण झालाय आता." जसं काही सुट्टीच देत होती.

फेब्रुवारीत महाशिवरात्र होती. त्याच्या आधी महिला मंडळाचं प्रवचन या वर्षी शिवबाईच्या घरी ठरलं होतं. बोलणार होती शिवबाईच, आणि नंतर सगळ्यांना कडक भाकरी, चटणी आणि दही. आठवडाभर आधी तिनं गोळ्यांची पट्टी दाक्षायणीच्या परातीशेजारी ठेवली.

"आजपासनं सुरू कर."

"मी नाही घेणार अत्ती."

"का? भोगीला घेतलीस की. एक दिवस डोकं धरलं न्हाईस."

"आणि नंतर काय झालं?"

"नंतर सण झाल्ता की!"

दाक्षायणीनं पट्टी उचलून चुलीत टाकली. प्लॅस्टिक जळल्याचा घाण वास पडवीभर झाला. मायाक्का चुलीपासून मागं सरकली. शिवबाईनं त्या तव्यावरची भाकरी काढून गाईला टाकायला लावली.

प्रवचनाच्या दिवशी सकाळीच भुवईखाली अंगठा रुतला. पाळीही त्याच सकाळी आली. दाक्षायणीनं गोळी घेतली, एक सतरंजी, ताट आणि तांब्या घेतला आणि ती ज्वारीची पोती ठेवायच्या खोलीत गेली. ही खोली दुकानाला लागूनच होती. गार होती, खिडकीही नव्हती. उंबऱ्यावरून ती मोठ्यानं म्हणाली, "अत्ती, मला शिवू नका. मी बाजूला बसले आहे."

शिवबाईला आधी कळलंच नाही. मग ती गुडघे धरत आली.

"येडी झालीस काय गं? आपल्यात पाळतात का?"

"मी पाळते. आजपासून."

"साकु! पुरे! त्या वैजयंतीनं शिकवलं व्हय? मंडळाच्या बायका यायच्यात. माझ्याच घरात सून कोपऱ्यात, आन् मी बसवण्णांचं सांगायचं?"

"विटाळ आहे म्हटलं की तीन दिवस बाईला कुणी हाक मारत नाही. डोकं दुखतंय म्हटलं तर फोटो मागतात." दाक्षायणीला बोलताना डोळे उघडवत नव्हते. "मला दोन दिवस आडवं पडायचंय अत्ती. कशाच्या नावानं पडू ते तुम्ही सांगा."

विरेश आला. "काय तमाशा लावलाय? बायकांना काय सांगायचं?"

"सून बाजूला बसली म्हणा, नाहीतर आजारी आहे म्हणा. काहीतरी एक म्हणा."

तो मायाक्काला चुली पेटवायला सांगून कामावर निघून गेला. असल्या वेळी त्याला नेहमीच उशीर झालेला असायचा.

सकाळची शाळा सुटल्यावर मुलगी आली. सिद्धेश्वरी आठवीत होती. गेल्या वर्षी तिला पाळी आली तेव्हा शिवबाईनं पेढे वाटून गल्लीभर सांगितलं होतं, आमच्या नातीला कोपऱ्यात बसवलं नाही म्हणून. ती दप्तर न काढताच दारात उभी राहिली.

"मम्मी, आज्जी म्हणती तू विटाळ पाळायला लागलीस."

"हं."

"तुला शिवलं तर काय होतं?"

"काही होत नाही."

"मग मला पण इथं बसवणार का?"

दाक्षायणी उठून बसली. उठताना डोक्यात घण पडला. "नाही. तुला कुणी बसवणार नाही. आज्जीचं ते खरं आहे, विटाळ वगैरे काही नसतो."

"म्हणजे तू खोटं बोलतीयस."

"होय."

"कशाला?"

"इतकी वर्षं खरंच बोलत होते की."

सिद्धेश्वरीनं आईकडं बघितलं. मग ती मुद्दाम उंबरा ओलांडून आत आली, सतरंजीवर पाय दिला आणि आईच्या खांद्यावर बोट टेकवलं. "शिवले. आता?" तिच्या आवाजात राग होता. "मला नाही आवडलं हे, मम्मी." ती बाहेर गेली. जाताना तिनं दार मात्र ओढून घेतलं.

दुपारी बायका आल्या. चपलांचे, बांगड्यांचे आवाज दाराच्या फटीतून आत येत होते. कुणीतरी विचारलं, "दाक्षायणी कुटं दिसंना?"

सिद्धेश्वरीचा आवाज आला, "मम्मी आत आहे. ती बाजूला..."

"डोकं दुखतंय तिचं," शिवबाई मध्येच म्हणाली.

"सायनस का?"

"सायनस न्हाय. अर्धशिशी हाय. पाळीच्या आदी अंगातलं हार्मोन का काय ते खाली येतंय, तवा दुखतंय. नाक गळतंय म्हणून आपण सायनस समजतो. गोळी घेऊन अंधारात पडायचं असतंय. धूर चालत न्हाय, तिखटाचा खकाणा चालत न्हाय."

दाक्षायणीनं अंधारात डोळे उघडले. म्हाताऱ्या बाईला सगळं पाठ होतं. डॉक्टरांचा एक शब्द तिनं गाळला नव्हता. खिडकीशी फोटो उलटा धरून ती ऐकत होती आणि तिला सगळं नीट समजलं होतं. म्हणजे ती भोगी, एवढ्या चुली, ते न्हाणीघर, सगळं समजूनउमजून. या विचारानं डाव्या डोळ्यामागं इतकं ठणकलं की तिनं ओढणी तोंडात धरली. बाहेर शिवबाईचं प्रवचन सुरू झालं, बाईच्या देहात अपवित्र असं काही नसतं म्हणून. आवाज खणखणीत होता. गोळीची गुंगी चढली आणि ते शब्द ऐकता ऐकताच दाक्षायणी झोपली.

पुढच्या महिन्यात तिला काहीच मागावं लागलं नाही. तिनं कपाळाला हात लावल्याबरोबर शिवबाईनं स्वतःच पोत्यांच्या खोलीचं दार ढकललं आणि दुकानात जाऊन बसली. पहिलं गिऱ्हाईक आलं. कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ, पंधरवड्याला भाकऱ्या न्यायचे.

"आज दाक्षायणीच्या हातच्या न्हाईत," शिवबाई रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "परवा या. सुनंला पाळी आलीय, डोकं दुखतंय तिचं."

ते गृहस्थ चपलेकडं बघायला लागले. "असू द्या, असू द्या," म्हणत पाठमोरे झाले.

"असू द्या काय? आमच्यात लपवत न्हाईत!" शिवबाई त्यांच्या पाठीवर ओरडली. मग दुधवाल्याला तेच सांगितलं, मग वैजयंतीच्या जावेला, मग गॅसवाल्याला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला दाक्षायणीची तारीख पाठ झाली.

आत दाक्षायणी प्रत्येक वेळी ऐकत होती. लाजेनं तिचे कान तापले होते. तिनं गार पाण्यात भिजवलेला पंचा डोळ्यांवर ओढला, भिंतीकडं तोंड केलं आणि ती पडून राहिली.