शैलजाताई आणि न सापडणारी मुलं

शांताचा फोन आला तेव्हा मी तव्यावर भाकरी टाकलेली होती. "सुलू, शैलजाताई गेल्या गं," एवढंच ती म्हणाली, आणि मग नांदेडच्या एका टोकाला ती अन् दुसऱ्या टोकाला मी, दोघी फोन कानाला लावून नुसत्या बसलो... भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा भानावर आले. त्याला आता महिना होऊन गेला. वर्तमानपत्रात त्यांच्याबद्दल चार ओळी आल्या, 'लातूरच्या ज्येष्ठ संशोधक' म्हणून. त्या खऱ्याच आहेत. पण ज्यांच्यावर त्यांनी आयुष्यभर संशोधन केलं, त्यांच्यापैकी मी एक. तेव्हा आमच्या बाजूनंही कुणीतरी लिहायला हवं.

मोठ्या दुष्काळात चाकूरजवळचं आमचं सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर होतं. आया खडी फोडायच्या आणि आम्ही पोरं पळसाला बांधलेल्या लुगड्याच्या सावलीत, कामावर खायला वाटायचे त्या सुकडीची वाट बघत बसायचो. तिथं एक दिवस खांद्याला शबनम अडकवलेली एक तरुण बाई वजनकाटा घेऊन आली. लातूरच्या गंजगोलाईत आडतीचं दुकान असलेल्या लिंगायत घरातली मुलगी. घरचे लग्नाचं बघत होते आणि ही मुरुमात बसून आमच्या उंच्या मोजत होती. माझी आई फटकळ. ती म्हणाली, "बाई, ह्यांची वजनं करून काय करताव? कमी हाय ते डोळ्याला दिसतंयच की." ताई हसल्या. "आज दिसतंय मावशी. पण ही मोठी होतील तेव्हा ह्या दुष्काळातलं काय त्यांच्यात राहिलेलं असेल, ते बघायचंय मला." आईला ते पटलं नाही. कामं संपली की ही बाई परत कशाला येतीय, असंच तिला वाटलं.

पण ताई आल्या. पाऊस झाला, तलाव भरला, लोक आपापल्या रानात गेले, तरी दर दोन-तीन वर्षांनी त्या एसटीतून उतरायच्या. कोण शाळेत जातं, कोण ढोरांमागं, काल रात्री काय जेवलात, मोठं होऊन काय व्हायचंय... 'काय व्हायचंय' हे आम्हाला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी पहिल्यांदा घाबरून "काही नाही" म्हणाले. पुढच्या खेपेला सांगायला काहीतरी असावं म्हणून विचार करून ठेवला, आणि त्या आल्यावर म्हणाले, "बाई." म्हणजे शाळेतली बाई. ताईंनी नुसतं लिहून घेतलं. शाबासकी नाही, उपदेश नाही. आपण फक्त बघायचं, मधे पडायचं नाही, असा त्यांच्या कामाचा नियम होता.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी दहावी होऊन घरी होते. गावात त्याचीच बोलणी. आता कचेरीच्या कामाला उस्मानाबादला जायची गरज नाही, आता आपलंही काही होईल. त्याच सुमाराला ताई आल्या, तेव्हा आम्हा मुलांपैकी कितीतरी गावात नव्हती. कुणाचे आईबाप उसाला गेलेले, कुणाचे हैदराबादकडं. ह्या संशोधनाचे प्रमुख, पुण्याचे मोठे सर त्यांच्याबरोबर होते. भला माणूस, पण दमलेला. आमच्या ओट्यावर चहा घेताना ते म्हणाले, "शैलजा, जी सापडत नाहीत ती गाळून टाकू. सगळीकडं असंच करतात." ताईंनी कप खाली ठेवला. "सर, जी सापडतात ती जगली-वाचली, गावात टिकली. गेलेल्यांचं काय झालं हे कळलं नाही, तर आपण नुसतं बरं तेवढंच लिहू." मग ताईंनी माझ्याकडं वळून विचारलं, "शांता तुझी मैत्रीण ना? तिला ओळखशील?"

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले. शांता म्हणजे माझ्याबरोबर त्याच लुगड्याच्या सावलीत वाढलेली, वाळकी, चिपाड पोर. तिच्या चुलत्यानं "नांदेडला, कापसाच्या जिनिंगवर" एवढंच सांगितलं होतं. आईची कशीबशी परवानगी काढून मी ताईंबरोबर निघाले. चाकूर, अहमदपूर, लोहा... एवढ्या लांब मी कधी गेलेच नव्हते. नांदेडात एका जिनिंगवरून दुसऱ्या जिनिंगवर, पत्र्यांच्या वस्तीतून आम्ही विचारत फिरलो. लोक आमच्याकडं संशयानं बघायचे. ही कोण बाई, सरकारची का? दुपार टळली तेव्हा मी पार हिरमुसले होते. एका नळावर बायकांची गर्दी होती. आम्ही तिला वळसा घालून पुढं गेलो, तोच मागून हाक आली, "अगं ए! तू द्वारकामावशीची सुलू न्हवं का?"

मी तिला ओळखलंच नव्हतं. चांगली भरलेली बाई, कडेवर लेकरू, केसांत कापसाचे तंतू. शांतानं आम्हाला ओढतच घरी नेलं, गुळाचा चहा केला. लहानपणी लग्न, नवरा जिनिंगवर, ती वेचणीला. ताईंनी आपले नेहमीचे प्रश्न विचारले आणि तिनं न लाजता उत्तरं दिली. शेवटी ताई म्हणाल्या, "शांता, आम्हाला वाटलं तू हरवलीस." शांतानं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. "म्या कुटं हरवले? म्या हितंच हाय की. तुमीच आला न्हाईत."

परतीच्या गाडीत ताई लोह्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे गं." एवढंच. पण त्यानंतर 'हरवलेली मुलं' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. 'जिथं आपण पोचलो नाही ती मुलं' असं त्या म्हणायच्या. पुण्यातल्या, दिल्लीतल्या सभांतही तसंच म्हणायच्या, आणि लोक हसले तरी बदलायच्या नाहीत. आणि त्या पोचायच्या. आमच्यातली एक किल्लारीकडं दिलेली होती, भूकंपानंतर तिला पत्र्याच्या शेडांतून शोधून काढली. ती त्यांच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा त्यांनी दिवसभर एकही प्रश्न विचारला नाही.

त्यांचा तो मधे न पडण्याचा नियम मात्र शांतानंच मोडला. काही वर्षांनी आम्ही पुन्हा तिच्याकडं गेलो. मी तोवर खरंच शाळेतली बाई झाले होते, नांदेडातच. शांताची मुलगी मंगल दप्तर घेऊन घरात आली. ताईंना नवल वाटलं. मागच्या खेपेला तर पोरगी आईबरोबर कामाला जात होती. शांता म्हणाली, "काय करू मग? दर बारीला येऊन इच्यारताव, 'पोरगी शाळेत जाती का?' किती बारी न्हाई म्हनू? लाज वाटाय लागली. घातली."

ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, तू तर माझं संशोधन बिघडवलंस!"

"बिघडलं तर बिघडू द्या," शांता म्हणाली. "पोरगी तर सुधारली."

मंगल आज नर्स आहे. ताई हा किस्सा आपल्या विद्यार्थ्यांना सांगायच्या, आणि वर म्हणायच्या की विचारणं ही साधी गोष्ट नाही, जपून विचारा. गरिबीत वाढलेल्यांचं पुढं काय होतं, याचं एका वाक्यात उत्तर त्यांनी कधीच दिलं नाही. आमच्यातले काही लवकर गेले, काही अजून हमालीच करतात. पण बहुतेकांची लेकरं आमच्यापेक्षा उंच आहेत. हे सांगताना ताईंचा चेहरा फुलायचा.

गेल्या आठवड्यात त्यांच्या लातूरच्या घरी जमलो. चाकूरहून, उदगीरहून, नांदेडहून... पांढऱ्या केसांची आम्ही मुलं. पुढच्या खोलीत सतरंजीवर बसलो. त्यांच्या भाचीनं पाणी आणलं आणि जरा संकोचून विचारलं, "तुम्ही आत्याच्या कोण?" शांतानं ग्लास खाली ठेवला, खोलीभर एकवार नजर फिरवली आणि म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. आधी सांगा, कोन कोन आलं न्हाई?" आम्ही एकमेकांकडं बघितलं. आमच्यातला दगडू दिसत नव्हता. तो कुठं असतो, कुणाला नीट माहीत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, निझामाबादला. कुणीतरी त्याच्या मेव्हण्याला फोन लावला, मेव्हण्यानं दगडूच्या पोराचा नंबर दिला, आणि सगळी खोली त्या वाजणाऱ्या फोनकडं कान लावून बसली... पोरानं फोन बापाच्या हातात दिला, तसा पलीकडून एक म्हातारा, घोगरा आवाज आला, "हॅलो, कोन?"

"अरं दगडू," शांता ओरडली, "म्या शांता. कसा हाईस? काल राती काय जेवलास?"