‘बरा’ म्हणजे काय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि काकीला — जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

तुम्हाला वाटेल, एवढं काय केलं असेल हिने? चोरी नाही, कुणावर हात उगारला नाही. एका शब्दाचा अर्थ सांगितला. बस्स.

थांबा, आधी थोडं मागचं सांगते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. संख्याशास्त्र घेऊन कोल्हापूरला शिकले. वसतिगृहात होते तेव्हा गावाहून काकी एसटीच्या ड्रायव्हरकडे नारळ आणि आमसुलं द्यायची. फोंडाघाट चढून ती पिशवी माझ्यापर्यंत यायची. माझ्या शिक्षणात त्या पिशव्यांचा वाटा किती, हे मोजायचं शास्त्र मला अजून सापडलेलं नाही.

पुढे पुण्याच्या एका संस्थेत नोकरी लागली. पर्यटन टिकाऊ आहे की नाही हे मोजायची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. आमचं काम त्या पद्धतीने आकडे गोळा करायचं. पर्यटक किती आले आणि पैसा किती आला, एवढ्यावर ती थांबत नाही. पाणी किती गेलं, कचरा कुठे पडला, रोजगार कुणाला मिळाला, आणि तिथे राहणाऱ्यांना काय वाटतं — हेही विचारते. जगातल्या कुठल्या कुठल्या बेटांच्या शेजारी आमच्या किनाऱ्याचा आकडा बसणार! केवढा अभिमान वाटला होता मला. अजूनही त्या कामावर माझा विश्वास आहे. म्हणूनच जास्त लागतं.

मालवणी येते म्हणून मलाच पाठवलं. मिठबावच्या अलीकडे आमची वाडी. तिथे किनाऱ्यालगत एक रिसॉर्ट झालं होतं, त्याने बोअर मारली होती, आणि आजूबाजूच्या विहिरी खारट होत चालल्या होत्या. पण बोअरला मीटर नव्हता. पाण्याच्या रकान्यात ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहून आम्ही पुढे सरकलो. म्हणजे विहिरींचं दुखणं अहवालात यायला एकच वाट उरली — लोकांच्या तोंडचा शब्द.

माझ्या वरिष्ठ मॅडम आणि मी काकीच्या पडवीत बसलो. काकीने चहा आणला. मॅडमनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“मॅडमांनू, मीठ घालूक नाय हां मी,” काकी हसत म्हणाली. “पाणीच तसा आसा. आता आमटेक पण मीठ लागणा नाय!”

मॅडमना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “काकी गंमत करतेय.”

मग मी प्रश्न विचारला. गावातल्या पर्यटनाबद्दल तुम्ही समाधानी आहात का? काकीने विहिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाली, “खरा सांगलंय तर तुझ्या नोकरेक काय होवचा नाय मा गो?”

मी पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग तीच म्हणाली, “बराऽ आसा.”

हा शब्द तुम्हाला कसा सांगू? आमच्याकडे खुशीतला ‘बरा’ आखूड असतो, पटकन येतो. दुसरा लांबतो, आणि तो म्हणताना माणूस मान वळवतो. मयताच्या घरी बाईला ‘कशी आसस?’ विचारलं की ती म्हणते तो हा ‘बराऽ’. सोड, बोलून काय होणार — असा. त्या फेरीत घरोघरी मी हा दुसराच ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गटातले सगळे उत्तरं मोजायला जमलो. मॅडम म्हणाल्या, “हा ‘बरा’ फार ठिकाणी आलाय. समाधानी की असमाधानी, कशात धरायचा? तूच सांग, तुझी भाषा आहे.”

माझी भाषा! कॉलेजात ‘माका-तुका’ म्हणून मला चिडवायचे. तेव्हापासून मी ती घराबाहेर काढलीच नव्हती. आता या लोकांपुढे मान वळवून, सूर लांबवून दाखवायचं? गावंढळ दिसायचं? शिवाय कागदांवर नुसतं ‘बरा’ लिहिलेलं; कुठला ते नोंदवायला सगळ्या घरांत पुन्हा जावं लागलं असतं, आणि नोकरी नवी होती. — नाही, ही कारणं म्हणून घेऊ नका. मनात आलं ते तसंच सांगतेय.

मी म्हणाले, “बरा म्हणजे चांगलं. समाधानी.”

मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “तू होतीस म्हणून बरं झालं.”

किनाऱ्यावरचे सगळे ‘बरा’ त्या दुपारी समाधानी झाले. अहवाल देखणा छापला गेला. रिसॉर्टला दुसरी इमारत बांधायची होती, तेव्हा त्यांच्या माणसाने ग्रामसभेत त्यातलं आमचं पान वाचून दाखवलं. काकी तिथे बसली होती. संध्याकाळी तिचा फोन आला. “आमी समाधानी आसंव म्हणे गो! माकाच म्हायत नाय!” आणि ती मोठ्याने हसली.

मीही हसले. हो, हसले. तेव्हा तरी सांगता आलं नसतं का?

दुसरी इमारत उभी राहिली. काकीची विहीर आता वापरात नाही, वर जाळी टाकलेली आहे. परसातल्या पोफळी खाऱ्या पाण्याने जळाल्या. पिण्याचं पाणी ती वरच्या वाडीतून आणते, वाटेत गुडघे धरून बसत बसत. आणि मी? नव्या मुलामुलींना शिकवते — लोकांना प्रश्न कसे विचारावेत, उत्तर कसं ऐकावं.

दर रविवारी काकीला फोन करते. पाणी कसा आसा, म्हणून विचारते.

“बराऽ आसा,” काकी म्हणते.