कुवाबारांची बंदूक

अंबरीष जपानमधल्या त्सुकुबा शहरात मशीनचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत होता. शनिवार उजाडला की डोंगरातल्या शूटिंग रेंजवर हजर. तिथे ट्रॅप चाले: समोरच्या खड्ड्यातून मातीची चकती उसळते, ती हवेतच फोडायची. नेम बरा होता. पण जीव जडला तो जुन्या बंदुकांवर. हातातली कधी पुरत नसे. दुकानाच्या काचेआडची नेहमी जास्त देखणी वाटे. एक द्यायची, दुसरी घ्यायची. उत्तरा, त्याची बायको, लोखंडी कपाटाकडे बघून म्हणायची, "तुला नेमबाजी आवडत नाही, अदलाबदल आवडते." त्यावर तो तिच्यावर खेकसायचा.

रेंजवर कुवाबारा नावाचे एक निवृत्त शाळामास्तर येत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एका डोळ्याची नजर परत आलीच नाही. जपानमध्ये न वापरलेल्या बंदुकीचा परवाना पोलीस काढून घेतात. म्हणून त्यांनी आपली जुनी ट्रॅपची बंदूक कोणाला तरी द्यायचं ठरवलं. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता त्यांच्या धाकट्या भावाने हाताने घडवलेला. तो भाऊ आता नव्हता. दोघातिघांना नकार देऊन त्यांनी ती अंबरीषला दिली.

"हिच्यातून गोळी सुटत राहू दे," एवढंच म्हणाले. अंबरीष कमरेत वाकून म्हणाला, "जरूर."

वर्षही लोटलं नाही, दुकानात नक्षीकाम केलेली एक इटालियन बंदूक आली. जवळच्या मितो शहरातल्या एका डेंटिस्टला कुवाबारांची बंदूक हवीच होती. सौदा झाला. दोन महिन्यांत त्या इटालियन बंदुकीचाही अंबरीषला कंटाळा आला.

ऑक्टोबरात कुवाबारा सहज रेंजवर आले आणि नेमबाजांच्या रांगेत पाचव्या जागेवर, डेंटिस्टच्या हातात, त्यांना आपली बंदूक दिसली. डेंटिस्टने दस्ता मागून कापून त्याला काळं रबर लावलं होतं. म्हातारा चहाच्या टेबलाशी बसलेल्या अंबरीषसमोर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"अंबरीष-सान, तुम्ही ती विकलीत."

"माझ्या नावावर होती. कायद्याने विकली."

"कायदा मी विचारला नाही."

"मग देताना लिहून घ्यायचं होतंत!"

टेबलावरची माणसं एकेक करून उठली. त्या दिवसापासून त्याच्या शेजारी कोणी बसेना. सकाळच्या 'ओहायो'ला, म्हणजे नमस्काराला, उत्तरही कपाळाला आठी घालून मिळे.

राग ओसरला तेव्हा अंबरीषला कळलं की खांद्याला चपखल बसलेली तेवढी एकच बंदूक होती. तो मितोला गेला, ती परत मागितली.

डेंटिस्टने मास्कही काढला नाही. "विकायची घाई तुम्हालाच होती. आता मी देणार नाही."

"निदान कापलेला तुकडा तरी?"

"जळाऊ कचऱ्यात गेला."

मग तो मिठाईचा डबा घेऊन कुवाबारांच्या दारात उभा राहिला. दार हातभरच उघडलं. माफीचे शब्द पुरे व्हायच्या आत म्हातारा म्हणाला, "हाही घेऊन जा. दुकानात बदलून काहीतरी मिळेल." आणि दार लागलं.

घरी त्याने सगळा राग उत्तरावर काढला. तिने गॅस बंद केला. "तीन वर्षांपूर्वी तुझ्या बंदुकीच्या परवान्यासाठी पोलीस विचारायला आले होते, नवरा तापट आहे का. मी खोटं बोलले. पुन्हा बोलणार नाही." ती चारुताला, त्यांच्या मुलीला, घेऊन आतल्या खोलीत गेली.

हिवाळ्यात त्याने एक ठेवून बाकीच्या बंदुका काढून टाकल्या. हलकं काही वाटलं नाही. उलट, विकलेली प्रत्येक त्याला वजनासकट आठवत राहिली. उत्तरा कामापुरतं बोलायची.

मार्चमध्ये दुकानदाराचा फोन आला. "एक जुनी आलीय, अगदी जपलेली. मालक आजारी आहेत. त्यांचं म्हणणं, कायम ठेवणाऱ्यालाच द्यायची. बघायला येता?"

अंबरीष ऑफिसच्या जिन्यात थांबला. कोणती बनावट, दस्ता कसला, सगळं जिभेवर आलं होतं.

"मग मला दाखवू नका," तो म्हणाला.