मामांचा चाव्यांचा डबा

दुसऱ्याच्या डोळ्यांची काळजी करण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस सबंध दिल्लीत सापडला नसता. निवृत्त सेक्शन ऑफिसर, मुक्काम आर. के. पुरम, मुलीच्या सरकारी क्वार्टरात. काचबिंदू झाल्याचं कळलं तेव्हा चारचौघांसारखं हातपाय न गाळता त्यांनी एक नवी फाइल उघडली आणि महिन्याभरात काचबिंदूवाल्यांचा गट उभा केला. मोतीबिंदूवाल्यांना तिथे मज्जाव होता. "मोतीबिंदू म्हणजे टेम्पररी पोस्टिंग, जावईबापू. ऑपरेशन झालं की रिलीव्ह. आमचं परमनंट," हे ते अशा तोऱ्यात सांगत की मला माझ्या धडधाकट डोळ्यांची लाज वाटे.

काचबिंदू दुखत नाही, म्हणून माणूस औषधाचे थेंब घालायला विसरतो, आणि गेलेली नजर काही परत येत नाही. त्यामुळे मामा रोज सकाळी आठला चौदाही सभासदांना फोन करून एकच शब्द विचारत, "डाला?" पलीकडून "डाला" आलं की फोन खाली. आपले सासरे सट्टा खेळतात अशी एका सभासदाच्या सुनेची कित्येक महिने खात्री होती. महिन्यातून एका रविवारी लक्ष्मीबाई नगरच्या हॉलमध्ये सभा भरे आणि आठच्या ठोक्याला सगळे एकदम थेंब घालत. मग डोळे मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून, मान खाली घालून दोन मिनिटं गप्प बसायचं. एकदा पंखे बघायला आलेला चौकीदार ते दृश्य पाहून टोपी काढून उभाच राहिला. दोन मिनिटांनी हळूच म्हणाला, "साहब, कौन गुज़र गए?" मामा म्हणाले, "अभी तो कोई नहीं. बैठो, तुम्हारी भी जाँच करवाते हैं." आणि करवलीही.

हा आजार नजर कडेने कुरतडत येतो. समोरचं लख्ख दिसत असतं, म्हणून माणसाला वाटतं सगळंच दिसतंय. ज्याच्या तपासणीच्या कागदावर कडा गेलेल्या दिसतील त्याने गाडीची चावी मामांच्या बिस्किटाच्या डब्यात जमा करायची, हा गटाचा सर्वांत कडक नियम. साताऱ्याकडचे एक सुभेदार चावी देताना रडले. मामांनी त्यांना चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला आणि चावीला चिठ्ठी बांधून ती डब्यात टाकली.

मामांची स्वतःची स्कूटर मात्र खुशाल चालू होती, आणि त्यांचा कागद फाइलच्या तळाशी घडी होऊन पडला होता. मागे मी बसायचो. "जावईबापू, डावीकडे?" "बस, मामा." "किती लांब?" "आता लांब नाही." 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' असं बायको म्हणायची. मला सगळं कळत होतं, पण त्यांची ती ऐट मोडायचा मला धीर झाला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या सफरींत मजाही येत होती.

मग एका सभेच्या सकाळी, सरोजिनी नगरच्या वळणावर, मी उजवीकडे बघत असताना डावीकडून भाजीची हातगाडी आली. कुणाला खरचटलंही नाही, पण वांगी रस्ताभर झाली. "बाबूजी, दिखता नहीं क्या?" भाजीवाला म्हणाला. मामा खाली बसून वांगी गोळा करू लागले. समोरची तेवढी त्यांनी उचलली. बाजूची मी उचलली.

सभेत शेवटचा विषय त्यांनी स्वतःच मांडला. "एक मेंबर की चाबी जमा होनी है. मेंबर कब से टाल रहा है." फाइलच्या तळाचा कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला, खिशातली चावी काढली, तिला स्वतःच्या नावाची चिठ्ठी बांधली. "जिनकी मंज़ूरी हो, हाथ उठाएँ."

चौदाही हात वर गेले. मामांनी समोर पाहिलं. "सिर्फ़ तीन?"

मग सुभेदार उठले, आपली खुर्ची उचलून त्यांनी मधल्या खुर्चीच्या मागे नेऊन ठेवली आणि हात पुन्हा वर केला. पाठोपाठ बाकीचे निघाले. त्यांनाही कडेचं दिसत नव्हतं, त्यामुळे खुर्च्या एकमेकांच्या नडग्यांवर आपटल्या, दोघं एकाच खुर्चीत बसले, एक बाई भिंतीची माफी मागून पुढे सरकल्या. अखेर हॉलच्या मधोमध रांग लागली. मामांनी बोटाने मोजलं. "चौदह," ते म्हणाले आणि चावी डब्यात टाकली.

स्कूटर तिथेच सोडून आम्ही बसने परतलो. मामा खिडकीपाशी बसले होते. त्यांनी विचारलं, "जावईबापू, डावीकडे काय?" आता सांगायची काही गरज नव्हती. घर येईपर्यंत मी सांगत राहिलो.