दोन बिघाड आणि अख्खी डाळ

अकोल्याच्या डाळमिलमध्ये मी मालाचा दर्जा तपासायला लागले तेव्हा चुरी फार पडत होती. अख्ख्या डाळीऐवजी नुसते तुकडे. शेठनी तोंडावर सांगितलं, "आठ दिवसांत चुरी कमी नाई झाली तं तुमी आफिसात बिलं करा, मिस्त्री गोदामात जाईन." बिलं करायला मी मूर्तिजापूरहून रोज धक्के खात येत नव्हते!

मिलची रीत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बिघडलं की ती कायमची बाद. तुरीला पाणी जास्त लावून झालं होतं. दाणा मऊ पडला आणि साल काढणाऱ्या वेगातल्या रोलरखाली फुटला, म्हणून पाणी बाद. मग रोलर हळू केला. कोरड्या दाण्याचं साल निघेना, माल पुन्हा पुन्हा फिरवावा लागला, चुरी वाढली. झालं, हळू रोलरही बाद.

मी म्हटलं, दोन्ही एकदम करू.

रोलर चालवणारे मिस्त्रीकाका भडकलेच. "पान्यानं बिघडलं, हळू करून बिघडलं. आता दोनई बिघाड एकत्र करून राह्यली का पोरी?"

मी हट्टाला पेटले. एकाच ढिगातली तूर घेऊन पाण्याच्या आणि वेगाच्या चारही जोड्या चालवल्या. जास्त पाणी, हळू रोलर ही जोडी शेवटी. ओंजळीत डाळ घेतली आणि ओरडलेच! पाण्यानं सुटलेलं साल हळू रोलरनं अलगद उतरवलं होतं. डाळ अख्खी, पिवळीधमक. योगायोग नको म्हणून दुसऱ्या दिवशी क्रम बदलून पुन्हा चालवलं, तरी तेच.

गोदामाच्या भिंतीवर मी खडूनं चुरीच्या दोन रेघा ओढल्या. पाणी वाढलं की वेगवान रोलरची रेघ वर चढत होती, हळू रोलरची खाली उतरत होती. दोघी एकमेकींना कापून गेल्या होत्या. मला तिथेच नाचावंसं वाटत होतं.

शेठ आले. "मंग पानी चांगलं का वाईट? एका शब्दात सांगा."

"आधी रोलर कसा चालला ते सांगा, शेठ," काकाच बोलले. मी चाटच पडले.

शेठनी आधी रेघांकडे पाहिलं, मग आम्हा दोघांकडे. "म्हंजे तुमी दोघं येगयेगळे काईच कामाचे नाई. उद्यापासून एकाच पाळीत या."

एवढा अपमान मी इतक्या आनंदानं कधीच ऐकला नव्हता.