आईचं डोकं दुकानदाराने कुठे पाहिलं?

वसई-विरारकरांनो, कॉम्प्युटर दुरुस्तीला देताना पासवर्डही देऊन येता ना? मीही गेल्या महिन्यात दिला होता.

आज सकाळी गोखिवऱ्यातल्या त्याच दुकानात कीबोर्ड घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "काकूंचे केस पूर्णच गेले का रे?"

केमो सुरू झाल्यापासून आई स्कार्फ बांधल्याशिवाय दारसुद्धा उघडत नाही. तिचं उघडं डोकं फक्त आम्ही घरातल्यांनी पाहिलंय. आणि हॉलमधल्या कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्याने.

"तुम्ही कुठे पाहिलंत?"

"अरे, इथे बसून दुरुस्त करता यावं म्हणून एक सॉफ्टवेअर टाकून ठेवतो मी. सगळ्यांच्याच मशीनमध्ये. चेक करताना कॅमेरा चालू झाला असेल."

"न विचारता?"

"बारावी नापास तू, आता मला धंदा शिकवणार?"

दोन गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. त्यांचेही लॅपटॉप त्याच्याच टेबलावर उघडे पडले होते. हसा.

घरी येऊन आधी इंटरनेटची वायर उपटली, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. आता सगळं पुसून विंडोज नव्याने टाकून घेणार, तेही शेजारी बसून. पोलिसांत तक्रारही देणार. निर्लज्ज माणसा, हे वाचत असशील तर नीट वाच.

पण चिकटपट्टी बघून आईने कारण विचारलं आणि मला खोटं बोलता आलं नाही. दुपारपासून एवढ्या उकाड्यात ती घरातही स्कार्फ बांधून बसली आहे.

सांगा, तो सोड म्हणून तिला कोणत्या तोंडाने सांगू?